बेट, जाळी, राई

बदलापूरच्या मांजर्ली भागात आता इमारतींची दाटी आहे. पण बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की झाडोरा दिसू लागतो, आणि त्याला 'जंगल' हे एकच नाव पुरत नाही.

बांबूचं 'बेट' घ्या. कळकाच्या बुडाशी माती उकरली तर आखूड, जाडजूड कंद हाती लागतो. पावसाळ्यात त्याच्या डोळ्यांतून वास्ते फुटतात, तेही जुन्या काठ्यांना खेटूनच. म्हणून काठ्या कितीही दिसल्या तरी झाड बहुधा एकच असतं. काही दशकांनी फुलोरा येतो तो सगळ्या बेटाला, आणि बी धरल्यावर वाळतंही सगळं बेटच.

करवंदीची 'जाळी' याच्या उलट, नाना झाडांना पोटात घेणारी. फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, जोडकाटे, पान तोडलं की पांढरा चीक. गुरं तोंड घालत नाहीत. पाखरांच्या विष्ठेतून आत पडलेलं बी रुजलं तर ते रोप चराईतून वाचतं आणि पुढे जाळीच्या वर डोकं काढतं. उघड्या माळावर रान परतायला अशी आडोशाची जागा लागते.

उपग्रहाला यातलं काही दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात किमान १ हेक्टर जागेवर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्के भरली की ते वनाच्छादन. ४० टक्क्यांपर्यंत विरळ, ७० पर्यंत मध्यम दाट, त्यापुढे अतिदाट. दाटी भरली तर आमराईही त्यात, देवराईही त्यात. देशभराची मोजणी करायची तर असा सरसकट गज लागणारच, मान्य. पण आमराई माणसाने ओळीत लावलेली, तळ बहुधा झाडलेला. देवराईत उंच झाडांखाली मधली झाडं, वेली, झुडपं आणि कुजत्या पाल्याचा थर. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तो याच शिल्लक श्रीमंतीसाठी.

उल्हास नदी बदलापूर, कल्याण करत खाडीला मिळते, तिथे आणखी एक शब्द भेटतो: कांदळवन. तिथल्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. महाराष्ट्राच्या वनविभागाने २०१२ मध्ये या झाडीसाठी वेगळा कक्ष काढला आणि पाटीवर हाच शब्द घातला. बेट आणि जाळीच्या वाट्याला एवढं भाग्य आलेलं नाही.