रंगाखालचा गंज

'गंजून जाण्यापेक्षा झिजून जावे' हा सुविचार आपण सर्वांनीच शाळेच्या फळ्यावर वाचलेला आहे. मोटारीच्या पत्र्याला मात्र तो लागू पडत नाही. तो उभ्या गाडीतही गंजतो आणि धावत्या गाडीतही. बेळगाव-खानापूरचा चार महिन्यांचा पाऊस, आणि चोर्ला घाट उतरला की गोव्याची खारी हवा! आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना गंजाची निराळी ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या कन्नड विभागातील मित्रांचा 'तुक्कु' तो हाच.

पावसाळा सरला की पुष्कळ मालक गाडीला नवा रंग देतात. दिवाळीत गाडी आरशासारखी चमकते आणि पुढच्या आषाढात त्याच जागी पुन्हा फोड येतात. मग रंगाला नावे ठेवली जातात. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि सुटीत स्वतःच्या जुन्या मोटारीवर हातही चालवतो. या दोन्ही अनुभवांवरून माझे मत असे की, दोष बहुधा रंगात नसतो. तो रंगाखाली असतो.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की पत्र्यावर एक सूक्ष्म विद्युतघटच तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळू लागतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन त्यांना स्वीकारतात. पाण्यात मीठ असेल तर विद्युतवहन सोपे होते आणि हा व्यवहार अधिक वेगाने चालतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणूनच रंग फुगून वर येतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट बिलगून त्याचे रक्षण करतो. गंज मात्र सच्छिद्र असतो आणि ओलावा धरून ठेवतो. त्यावर रंग मारणे म्हणजे ओले कपडे घडी करून पेटीत ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट जागेची. दरवाज्यांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतील बाजू, दरवाज्याखालची पेटीसारखी पोकळ पट्टी, या ठिकाणी चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. मोटारीचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिलिमीटर जाडीचा. तेव्हा बाहेर दिसणारा फोड ही पुष्कळदा गंजाची सुरुवात नसते. पत्रा आतून खाल्ला गेल्याची ती बातमी असते.

दुरुस्तीचा आरंभ म्हणून तपासणीच करावी. संशयित जागी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले तर तेथे पत्रा उरलेला नाही. अशा ठिकाणी लांबी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पुट्टी, भरून भागत नाही. कुजलेला भाग निरोगी पत्र्यापर्यंत कापून टाकावा आणि तेवढाच नवा तुकडा वेल्डिंगने जोडावा. पातळ पत्रा उष्णतेने वाकतो, म्हणून अंतराअंतरावर टाके घालीत जावे. हे काम जाणत्या कारागिराचे आहे. त्यापूर्वी बॅटरी सोडवणे आणि आतले अस्तर काढणे विसरू नये.

पत्रा शाबूत असेल तर तारेचा ब्रश व ८० नंबरचा पॉलिशपेपर घेऊन चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावे, आणि फोडाच्या कडेपलीकडे दोन-तीन बोटे जास्तच. खोल खळग्यांत काळे ठिपके उरतात. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरतात. ते गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. दिल्लीचा मेहरौली येथील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे टिकला, त्यामागेही स्फुरद आहे. त्या लोखंडातील स्फुरदाच्या जास्त प्रमाणामुळे वर संरक्षक थर तयार झाला, हे आय. आय. टी. कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवले. काही द्रावणांत टॅनिन असते. त्याने गंज निळसर काळा पडतो. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई याच क्रियेने होत असे. आम्ल वापरल्यास त्याचा उरलेला अंश धुऊन-पुसून काढावा आणि पत्रा लगोलग पूर्ण कोरडा करावा.

आता प्रायमर. प्रायमर म्हणजे स्वस्त रंगाचा पहिला हात, अशी एक समजूत आहे. वास्तविक येथे दोन निरनिराळी कामे असतात. इपॉक्सी प्रायमर धातूला घट्ट धरतो आणि पाण्याला अडवतो. पत्रा उघडा झाल्यावर काही तासांतच तो द्यावा. तो वाळल्यावर किंचित खरखरीत करून मग लांबी भरावी. तिच्यावर येतो सर्फेसर. त्याचे काम बारीक ओरखडे भरून घासण्याजोगा सपाट पृष्ठभाग देणे हे होय. तो पाणी अडवीत नाही. लांबीही ओलावा शोषते. म्हणून नुसत्या सर्फेसरवर गाडी पावसात फिरवणे म्हणजे केलेल्या कामावर अक्षरशः पाणी सोडणे! पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे, नाहीतर न दिसणारे दव प्रायमरखाली अडकते. आपल्याकडे या कामाला हिवाळ्यातली कोरडी दुपार उत्तम.

१९७०च्या दशकापासून मोटार कारखान्यांत सबंध सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने थर चढवण्याची पद्धत पसरत गेली. त्यामुळे पोकळ भागांतही प्रायमर पोचतो. गॅरेजमधली फवारणी तेथे पोचत नाही. म्हणून रंगकाम झाल्यावर अशा पोकळ्यांत गंजरोधक मेण सोडावे आणि दरवाज्यांच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. खर्च नगण्य, पण टाळले तर बाकीचे सारे व्यर्थ.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. आजच्या बहुतेक मोटारींत वेगळी चॅसी नसते; दरवाज्याखालच्या त्या पोकळ पट्ट्याच सांगाड्याचा भार पेलतात, आणि सीटबेल्टचे बोल्टही त्याच सांगाड्यात बसवलेले असतात. तेथे पत्र्याऐवजी लांबी असेल तर अपघातात ती कुणाला वाचवणार नाही. जुनी गाडी घेताना म्हणून मी फडक्यात गुंडाळलेले लहानसे चुंबक जवळ ठेवतो. जेथे लांबीचा जाड थर आहे तेथे ते धरत नाही. विकणाऱ्याची जीभ आणि ते चुंबक यांच्यात मतभेद झाला, तर मी चुंबकाचे ऐकतो.

दोन शब्द कारागिरांविषयी. रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांची वाफ व फवारा श्वासावाटे गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून रक्षण होत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि खेळती हवा लागते. आपण गिऱ्हाईक म्हणून घासाघीस करतो ती नेमकी न दिसणाऱ्या गोष्टींची: घासण्याचे दिवस, प्रायमरचा हात, कारागिराचा मुखवटा. चमकेचे पैसे मात्र आनंदाने मोजतो. पुढच्या वेळी गाडी रंगाला द्याल तेव्हा छटा निवडण्याआधी एवढेच विचारा, 'रंगाखाली काय देणार?' उत्तर ऐकून गॅरेज निवडणे सोपे जाईल.