कोड नुसता पाहिला तरी कंपनी कोर्टात खेचू शकते?

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला आणि त्याच्या बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड चक्क टेक्निकल मॅन्युअलमध्ये छापला. दिलदारपणा वाटतो ना? पण कॉपीराइट आयबीएमचाच होता. तो वाचून कुणी तसाच प्रोग्राम लिहिला, तर नकलेचा आरोप ठरलेला.

तेच काम करणारा दुसरा प्रोग्राम लिहायला कॉपीराइट कायद्याची बंदी नाही. तो कल्पनेला नाही, मांडणीला संरक्षण देतो. खरी अडचण पुराव्याची. कोड पाहिलाय आणि दोन्हींत साम्य निघालं, तर 'हे माझ्याच डोक्यातलं' हे कोर्टाला पटवणार कसं? नकळत लक्षात राहिलेल्या ओळीही महागात पडतात. नोकरी सोडून आलेल्याचं तर आणखी अवघड, त्याला गोपनीयतेचा करारही आडवा येतो.

कॉम्पॅकने तोड काढली. एका टीमने बायोस काय काय करतो एवढंच लिहून दिलं. आयबीएमचा कोड कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या टीमने त्यावरून नवा प्रोग्राम लिहिला. याला 'क्लीन रूम' म्हणतात. फीनिक्सनेही हाच मार्ग धरला आणि आपला बायोस इतर कंपन्यांना विकला.

ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर मात्र आयबीएमने १९८४ मध्ये दावा ठोकला. दोघींनीही तडजोड केली आणि तो बायोस वापरणं थांबवायचं कबूल केलं.