पंपाची वायर कोणाच्या हाती?

विहिरीवर पंप बसवायचा ठरला, की गावातल्याच एखाद्या हुशार पोराकडून वायर जोडून घ्यायची, ही आपली रीत. मजुरीचे चार पैसे वाचतात खरे; पण ओल्या जमिनीवर उभे राहून स्टार्टरला हात लावणारा घरचाच माणूस असतो.

बल्ब, पंखा किंवा फ्यूज बदलायला परवाना लागत नाही. नवी जोडणी मात्र कायद्याने परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची असते. शहरातून ठेकेदार आणताना त्याचा परवाना मागा, त्यावरची मुदत वाचा. यात संकोच कसला?

वायर, स्टार्टर, अर्थिंग आणि मजुरी यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. सगळे ठोक रकमेत दिले, तर अर्थिंगला कात्री लागली तरी कळत नाही. अर्थिंगची नळी किमान अडीच मीटर लांबीची हवी. काम झाल्यावर मेगर लावायला सांगा. 500 व्होल्टला 1 मेगओहमपेक्षा कमी भरता कामा नये.

ठेकेदाराच्या सहीचा चाचणी अहवाल महावितरणकडे द्या, एक प्रत घरी ठेवा. शेवटचे पैसे हा कागद हाती आल्यावरच मोजा.