वाफेचे काम, इस्त्रीचे काम

तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानात, दांड्याला टांगलेल्या सदऱ्यावरून वाफेची तोटी खालीवर फिरवून त्याच्या साऱ्या चुण्या मिनिटभरात नाहीशा करणारा नोकर ज्यांनी एकदा पाहिला आहे, त्यांना ते उभे यंत्र आपल्याही घरी असावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कारण इस्त्री करावयाची म्हणजे टेबलावर घोंगडी अंथरणे, तीवर चादर पसरणे, कपड्यावर पाणी शिंपडणे आणि एक बाही सरळ करताना दुसरी चुरगळणार नाही याची काळजी वाहणे, असा जो खटाटोप असतो, त्यातले तेथे काहीच दिसत नाही. खाली पाणी उकळणारी पेटी, तिच्यावर कपडा टांगावयाचा दांडा, आणि पेटीतून निघून हातातल्या तोटीपर्यंत येणारी लवचिक नळी, एवढाच या स्टीमरचा सरंजाम. परंतु जे तो मोठ्या हौसेने घरी आणतात त्यांच्यापैकी कित्येकजण महिन्याभरात त्याला माळ्यावर टाकतात, आणि ‘याने काही कपडे सरळ होत नाहीत’ असा निर्वाळा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही देतात. यंत्राने इस्त्रीला कायमची रजा मिळेल ही आरंभीची अपेक्षा आणि ते निरुपयोगी आहे हा नंतरचा निष्कर्ष, या दोन्ही गोष्टी माझ्या मते एकाच गैरसमजातून निघतात. तो गैरसमज असा, की स्टीमर म्हणजे उभी इस्त्री.

वस्तुस्थिती समजून घ्यावयाची तर सुरकुती पडते म्हणजे काय होते, येथूनच आरंभ केला पाहिजे. सुती कापडाचा तंतू हा सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या लांबच लांब शृंखलांचा बनलेला असतो, आणि या शृंखला हायड्रोजनच्या दुबळ्या परंतु असंख्य बंधांनी परस्परांना धरून असतात. पाण्याचे रेणू त्यांच्यामध्ये शिरले की हे बंध सुटतात, आणि कापड ज्या स्थितीत वाळेल त्या स्थितीत ते नव्याने जुळतात. पिळून तसाच टाकलेला सदरा वाळल्यावर चुरगळलेलाच राहतो, तो याच कारणाने. म्हणजे सुरकुती घालविण्यासाठी ओलावा आणि उष्णता यांनी ते बंध पुन्हा सोडविले पाहिजेत, आणि कापड वाळेपर्यंत त्याला इष्ट त्या आकारात धरून ठेवले पाहिजे. यातले शेवटचे कलमच निर्णायक आहे. इस्त्रीचा तापलेला तवा आपल्या भाराने कापड सपाट दाबून धरतो आणि दाबलेल्या स्थितीतच त्यातले पाणी उडवून लावतो. स्टीमर मात्र ओलावा आणि उष्णता भरपूर देतो, पण दाब देत नाही. टांगलेल्या कपड्याचे स्वतःचे वजन आणि त्याचा खालचा काठ ओढून धरणारा आपला डावा हात, एवढाच काय तो ताण कापडाला मिळतो. इस्त्री कापडाला आज्ञा करते, स्टीमर त्याला मोकळे करतो. आणि कोणत्या कपड्याला आज्ञेची गरज आहे व कोणत्याला मोकळे होण्याची, हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

परीटघडीचा सदरा, टोकदार घडीची गांधीटोपी, विजारीची धार, खळ घातलेले सुती पातळ, ही सगळी आज्ञेची कामे. खळ म्हणजे शेवटी पिष्टच. ते दाबाखाली वाळले तर कापडाला ताठपणा येतो, आणि तेच वाफेत धरले तर मऊ पडून केलेला कडकपणाही जातो. तेव्हा स्टीमरकडून कडक इस्त्रीची अपेक्षा करणे हा त्या यंत्रावर अन्याय आहे. याउलट लोकरीचा कोट, ज्यावर इस्त्री नुसती फिरविली तर चकाकी चढते. मखमल, जिची लव तव्याखाली कायमची चेपते. दाट भरतकामाचे झबले, ज्यावर तवा सपाट टेकतच नाही. किंवा प्रवासाच्या पेटीतून निघालेली कृत्रिम धाग्याची साडी, या सर्वांना वाफ जे देते ते इस्त्री देऊ शकत नाही. मखमलीला तर उलट बाजूने वाफ द्यावी आणि लव पुन्हा उभी राहताना पाहावे. मला त्यात दर वेळी नवे समाधान वाटते.

परंतु येथेच दुसरा गैरसमज दबा धरून बसलेला असतो. वाफ नाजूक कपड्यांना मानवते, म्हणून ती सर्वच नाजूक कपड्यांना मानवते, असा तर्क पुष्कळजण बिनदिक्कत करतात. आमच्या वहिनींनी एका लग्नाच्या सकाळी टसराच्या साडीवर स्टीमर चालविला, तेव्हा नळी मध्येच लोंबून तिला झोळ पडला होता. त्या झोळात वाफेचे पाणी साचले, ते गुळगुळ वाजले, आणि तोटीतून एकाएकी उडालेल्या थेंबांचे जे डाग पदरावर पडले ते आजही दिसतात. दोष वाफेचा नव्हता, पाण्याच्या थेंबांचा होता. रेशमावर, विशेषतः टसरावर, पाण्याचा डाग सहज उमटतो. या यंत्राची नळी दांड्याच्या टोकाला अडकवून सरळ उभी ठेवण्याचा जो शिरस्ता आहे त्यामागे हेच प्रयोजन आहे, की नळीत वाफ निवून झालेले पाणी उतरून परत पेटीत जावे. म्हणून वाफ सुरू झाल्यावर पहिले अर्धे मिनिट तोटी कपड्यापासून दूर धरावी आणि साचलेले पाणी निघून जाऊ द्यावे. पैठणीसारख्या जरीच्या वस्त्राबाबत मी याहूनही कडक आहे: खऱ्या जरीतले रुपे ओलाव्याने काळवंडते, म्हणून जरीच्या काठापदरावर तोटी नेऊच नये, आणि चुण्या असह्यच असतील तर मध्ये मलमलीचा सुका पडदा धरून मंद इस्त्री उलट बाजूने फिरवावी. रेयॉनचे कापड ओले असताना आपले बरेचसे बळ गमावते, त्यामुळे वाफ देताना ते ओढू नये. आणि चिकटवलेल्या टिकल्यांच्या कपड्याला वाफ दिली तर डिंक सैल होऊन टिकल्या गळतात. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीच्या चिन्हात एक ठिपका असेल तर 110, दोन असतील तर 150 आणि तीन असतील तर 200 अंश सेल्सिअसपर्यंतची मुभा आहे असे समजावे. इस्त्रीखालच्या वाफेच्या रेघांवर फुली मारलेली असेल तर त्या कपड्याला वाफ वर्ज्य आहे, आणि स्टीमरच्या मालकाने तेवढे तरी वाचलेच पाहिजे.

तिसरा समज डोळ्यांनी केलेल्या फसवणुकीतून येतो. तोटीतून पांढरे ढग जितके अधिक निघतील तितके यंत्र जोरदार, असे मानून लोक तोटी कपड्यापासून वीतभर अंतरावर धरतात आणि ढगांकडे पाहत राहतात. वस्तुतः पाण्याची वाफ अदृश्य असते; जे पांढरे दिसते ते हवेत येताच थंड होऊन झालेले सूक्ष्म थेंब, म्हणजे जिचे काम संपले आहे अशी वाफ. तोटीच्या अगदी तोंडाशी जी रिकामी पारदर्शक जागा दिसते, तेथेच सारे सामर्थ्य असते. एक ग्रॅम वाफ कापडावर निवून पाणी होते तेव्हा ती सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते, आणि कापड तापविण्याचे खरे काम ही उष्णता करते. म्हणून तोटी कापडाला जवळजवळ टेकवूनच फिरवावी. हाच हिशेब हाताच्या बाबतीत भयंकर ठरतो. उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम शरीराच्या तापमानाला येईपर्यंत त्वचेला सुमारे 63 कॅलरी देतो, तर तितकीच वाफ सहाशेच्या वर देते. तेव्हा अंगावर घातलेल्या सदऱ्याची चुणी घाईत वाफेने काढण्याचा जो प्रकार काही घरांत चालतो तो ताबडतोब बंद झाला पाहिजे, आणि डाव्या हातात जाड हातमोजा घातल्याखेरीज हे यंत्र चालवू नये, लहानग्यांच्या हाती तर ते कदापि देऊ नये.

वाफेने कपडा निर्जंतुक होतो, सबब तो धुण्याची गरज नाही, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते. रुग्णालयातील निर्जंतुकीकरणाचे यंत्र दाबाखालची वाफ 121 अंशांवर सुमारे पंधरा मिनिटे राखते. आपल्या स्टीमरची नळी मात्र हवेला उघडी असते, तीत दाब साठत नाही, आणि वाफ शंभर अंशांहून अधिक तापू शकत नाही. त्यातून ती कापडाच्या एका जागी क्षणभरच थांबते. काही जंतू मरत असतील, कोंदट वासही उडतो. पण घाम, तेल आणि मळ जेथल्या तेथेच राहतात, आणि डाग असेल तर उष्णतेने तो पक्का होतो. अंड्याचा किंवा रक्ताचा डाग वाफेने अक्षरशः शिजतो. हळदीचा डाग पडलेला पांढरा सदरा आधी धुऊन उन्हात वाळवावा, कारण हळदीचा रंग उन्हात विरतो. वाफ त्याच्या वाट्याला नंतर यावी.

विजेच्या बचतीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल: बचत होत नाही. 1800 वॅटचा स्टीमर वाफ निघत असेपर्यंत अखंड वीज घेतो, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे 0.9 युनिट, तर हजार वॅटची इस्त्री तापनियंत्रकामुळे मधूनमधून बंद राहते, आणि तेवढ्याच वेळात याहून बरीच कमी वीज घेते. 230 व्होल्टवर 1800 वॅट म्हणजे जवळजवळ आठ अँपिअर, तेव्हा दिवाणखान्यातल्या दिव्याच्या लहान सॉकेटात त्याची पिन घालू नये. त्याला जाड पिनेचा पॉवर पॉइंटच हवा. पाणी तापवून त्याची वाफ करण्यास लागणाऱ्या उष्णतेच्या हिशेबाने हेही सिद्ध होते, की 1800 वॅटमध्ये मिनिटाला चाळीस-बेचाळीस ग्रॅमांहून अधिक वाफ निघूच शकत नाही. मग जाहिरातीचा कागद काहीही सांगो.

पाण्याविषयी मात्र स्थळाचे तारतम्य ठेवावे. धरणातून येणाऱ्या मऊ पाण्यावर स्टीमर दीर्घकाळ निर्वेध चालतो. मराठवाड्यातल्या किंवा शहराबाहेरच्या वसाहतींतल्या कूपनलिकेच्या जड पाण्यात तो काही आठवड्यांतच कुरकुरू लागतो, कारण पातेल्याच्या तळाशी बसतो तोच पांढरा क्षार पेटीत साचतो आणि पुढे कपड्यावर पांढरे ठिपके उडवितो. ऊर्ध्वपातनाने शुद्ध केलेले पाणी वापरावे, क्षार बसलाच तर लिंबाच्या सत्वाचे पाणी घालून तो विरघळवावा, आणि अत्तर किंवा सुवासिक द्रव पेटीत कधीही ओतू नये. वाफ देऊन झाल्यावर कपडा दहा मिनिटे तसाच टांगलेला ठेवावा. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत ही दहा मिनिटे वीस करावी, कारण दमट हवेत सुती कापड उशिरा वाळते, आणि ओलसर असताना घडी घालून कपाटात ठेवलेल्या सदऱ्याला चुणी तर परत पडतेच, वर बुरशीही धरते.