वार्धक्यातील श्रमांचे मोजमाप

पहाटे पर्वतीच्या पायऱ्या चढणारे वयोवृद्ध पाहून पुण्यातील वार्धक्य सुदृढ आहे, असा समज सहज होतो. परंतु त्याच वेळी सदाशिव पेठेतील घरात पाणी भरणारी, केर काढणारी, नातवंडांचे डबे भरणारी सत्तरीची आजी कोणत्या रकान्यात बसते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत काम, येणेजाणे व फावला वेळ असे तीन विभाग असून बिनमोली घरकामही त्यांत धरलेले आहे. २००७-०८ मध्ये संघटनेने भारतातील सहा राज्यांत केलेल्या वार्धक्यविषयक पाहणीत ती वापरली गेली. त्या राज्यांत महाराष्ट्र होता. मात्र तिची अट अशी की, श्रम सलग किमान दहा मिनिटे झाले तरच ते नोंदवायचे. घरकाम असे सलग होते थोडेच! दोन मिनिटे ओट्याशी, तीन मिनिटे मोरीत, असे ते विखुरलेले असते. २०२० च्या शिफारशींत संघटनेने ही अट काढून टाकली. पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, हे प्रमाण मात्र राहिले.

कमरेला लावायचा पाऊलमापकही येथे अपुराच. कणीक मळणारे हात त्याला दिसत नाहीत. शिवाय तरुणाला सौम्य वाटणारी चढण पंचाहत्तरीच्या गृहस्थाला धाप लावते. तेव्हा 'व्यायाम करता का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्या आजीला निष्क्रिय ठरवून आणखी चालण्याचा सल्ला देण्यापूर्वी तिचा दिवस तासातासाने विचारला पाहिजे. आणि तोही, शक्यतो, घरातील इतर मंडळी समोर नसताना.