नऊ चाचण्या आणि दहा चेंडू

वऱ्हाडात पोरगं अंगानं काटक निघालं की त्याला आखाड्यात धाडायची जुनी रीत. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, आणि 1936 मध्ये त्याच मंडळाच्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. तेव्हा पोरगं निवडायचं ते उस्तादाच्या नजरेनं.

नंतर हातात टेप आणि स्टॉपवॉच आलं. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी 1996 पासून सुरू आहे. राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं तिथेच. अमरावतीच्या प्रबोधिनीत धनुर्विद्या, अकोल्याच्या प्रबोधिनीत बॉक्सिंग. पूर्वी तिथल्या निवडीला 8 ते 14 वर्षांची मुलं यायची आणि उंची-वजन धरून नऊ चाचण्या व्हायच्या: 30 मीटर, 800 मीटर, उभ्यानं लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल, लवचीकता आणि 6 गुणिले 10 मीटर शटल रन. शटल रनमध्ये खरा फरक वळताना कळतो. बहुतेक पोट्टे सरळ धावत रेषेपर्यंत येतात नि घसरतात. एखादं दोन पावलं आधीच कंबर खाली घेतं. ते कुणी शिकवलेलं नसतं.

पण या नवांत नेम कुठेच नव्हता, ठोसा खाऊन उभं राहणंही नव्हतं. शिवाय बारा वर्षांचं लवकर वाढलेलं पोरगं लांब उडी मारणारच. दोन वर्षांनी बाकीचे त्याला गाठतात. म्हणून माझ्या मते प्रबोधिनीची खरी परीक्षा निवडीनंतर, चुकलेला खेळ बदलून देण्यात आहे.

प्रवीण जाधव हे त्याचं ठळक उदाहरण. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजुराच्या घरातला हा मुलगा. शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला धावण्याकडे वळवलं, तो अहमदनगरच्या प्रबोधिनीत गेला, आणि अंगात ताकद कमी म्हणून धावणं थांबलं. एका चाचणीत मात्र त्यानं दहा मीटरवरून दहाच्या दहा चेंडू कड्यात टाकले. मग अमरावती, हातात आधी बांबूचं धनुष्य. तिथेही कामगिरी घसरली आणि घरी पाठवायची वेळ आली. भुजबळ सरांनी शब्द टाकला, पाच बाण मिळाले, त्यात त्यानं किमान 45 गुण काढले. सर नसते तर? हा प्रश्न प्रबोधिनीनं स्वतःला विचारायला हवा.

2019 च्या जागतिक धनुर्विद्या स्पर्धेत भारतीय पुरुष संघाला रौप्य मिळालं, त्यात प्रवीण होता. टोकियो ऑलिंपिकच्या मानांकन फेरीत 656 गुण घेऊन तो अतनू दास आणि तरुणदीप राय या दोन्ही अनुभवी सहकाऱ्यांच्या पुढे राहिला. वैयक्तिक स्पर्धेत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसननं त्याला थांबवलं.

अकोल्याचं गणित वेगळं. बॉक्सिंगमध्ये वाढत्या वयाचा मुलगा वर्षभरात वजनगट बदलतो, म्हणजे प्रतिस्पर्धीही बदलतात. इथे घडलेल्या, बुलडाणा जिल्ह्यातल्या अनंत चोपडेनं 2019 मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये 52 किलो गटाचं सुवर्ण आणलं.