विहीर खोदणाऱ्या जॅकहॅमरचे वंगण आणि निगा

महाराष्ट्राच्या भूमीचा पाचांपैकी चार भागांहून अधिक प्रदेश काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापलेला आहे. वरची माती व मुरूम टिकाव-फावड्याने निघतो. परंतु खालचा पाषाण लागला म्हणजे विहिरीचे काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या जॅकहॅमरवाचून पुढे सरकत नाही. ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर, लांब रबरी नळी आणि तिच्या टोकाला जॅकहॅमर ही सामग्री आज खेडोपाडी परिचयाची झाली आहे. विहिरीचे काम सुगीनंतर सुरू होऊन पावसाळ्यापूर्वी आटोपावे लागते. भर वैशाखात हत्यार अडले तर मजूर बसून राहतात, यारीचे भाडे चढते आणि झरा हाती येण्यापूर्वीच मृग उजाडतो. हे नुकसान पुष्कळदा मोठ्या बिघाडामुळे नव्हे, तर थोड्याशा तेलाच्या अभावी होते.

हत्यार कसे झिजते?

जॅकहॅमरच्या पोटात पोलादी दट्ट्या असतो. दाबलेल्या हवेच्या जोराने तो मिनिटाला सुमारे २००० वेळा मागेपुढे होऊन रॉडच्या माथ्यावर आघात करतो. दट्ट्या व नळकांडे यांमधील फट अत्यंत अल्प असते. त्या फटीत तेलाचा पातळ थर नसेल तर धातूवर धातू घासून उष्णता निर्माण होते, चरे पडतात आणि हवा निसटू लागते. मग कॉम्प्रेसर डिझेल तेवढेच जाळतो, पण आघात दुबळा पडतो. भोक पाडण्यास वेळ लागू लागला की दोष खडकाच्या कठीणपणाला दिला जातो. वस्तुतः हत्यारच झिजलेले असते. काम रोजावर ठरविलेले असेल तर या मंदगतीचा भार शेतकऱ्यावरच पडतो. म्हणून हत्यार कंत्राटदाराचे असले तरी त्याची निगा राखली जाते किंवा नाही, हे पाहण्यात शेतकऱ्याचेही हित आहे.

हवेतील पाणी

वातावरणातील हवेत वाफेच्या रूपाने पाणी असतेच. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६ किलो दाब दिला म्हणजे हवेचे आकारमान सुमारे एक-सप्तमांश होते. ही हवा निवली की एवढ्या लहान जागेत सर्व वाफ मावत नाही व तिचे पाणी होते. हे पाणी हत्यारात शिरून तेल धुऊन नेते व गंज चढविते. यास्तव रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी कॉम्प्रेसरच्या टाकीच्या तळाची तोटी सावकाश उघडून पाणी काढून टाकावे. नळी जोडण्यापूर्वी तिचे तोंड घट्ट धरून, माणसांपासून दूर वळवून, क्षणभर हवा सोडावी. म्हणजे आतील पाणी, माती व खडे बाहेर पडतात. कॉम्प्रेसरची हवा गाळण्याची जाळीही धुळीने भरू देऊ नये.

तेल कोणते व किती?

ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेले जळके तेल जॅकहॅमरमध्ये कधीही घालू नये. त्यात काजळी व धातूचा चुरा असतो. खडक फोडणाऱ्या हत्यारांसाठी मिळणारे खास रॉक ड्रिल तेलच वापरावे. ते आघाताने सहज तुटत नाही व पाण्याने सहज धुऊन जात नाही. उन्हाळ्यात जाड व थंडीत पातळ तेल लागते. नेमका क्रमांक हत्याराच्या पुस्तिकेत पाहून घ्यावा. डिझेल किंवा रॉकेल हवेच्या नळीत ओतणे तर घातक होय. दाब व उष्णता यांमुळे त्याचा स्फोट होऊ शकतो.

तेल सतत पोहोचावे म्हणून नळीमध्ये हत्यारापासून सुमारे ३ मीटर अंतरावर लुब्रिकेटर, म्हणजे तेलाचे भांडे, बसवितात. त्यावरील बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेस असावा. भांडे भरताना हवा बंद करून नळीतील दाब आधी सोडावा. भांडे नसेल तर त्याच रीतीने हवा बंद करून, नळी सोडवून, तासातासाने चमचाभर तेल हत्याराच्या तोंडात घालावे.

तेल पुरेसे आहे की नाही, हे रॉडच सांगतो. रॉड काढून माथा पाहावा. तो तेलाने ओलसर असेल तर ठीक. कोरडा किंवा तापून निळसर झालेला असेल तर तेल कमी पडते आहे असे समजावे. उलट हवा बाहेर पडते तेथे तेलाचे दाट धुके दिसल्यास प्रमाण कमी करावे. विहिरीच्या तळाशी हेच धुके कामकऱ्याच्या छातीत जाते.

रॉडची काळजी

रॉडचा माथा सपाट व सरळ असावा. माथा तुटका असेल, किंवा रॉड धरणारा चक झिजून सैल झाला असेल, तर आघात तिरपा बसतो व दट्ट्याचे टवके उडतात. स्वस्त चक वेळीच बदलला म्हणजे महाग दट्ट्या वाचतो. रॉड खडकावर टेकविल्यावाचून हत्यार चालवू नये. रिकाम्या आघाताने हत्याराचेच भाग तुटतात.

पावसाळ्यातील साठवण

काम थांबल्यावर हत्यार तसेच शेडात टाकले तर चार महिन्यांत दट्ट्या गंजून अडकतो. शेवटच्या दिवशी ते स्वच्छ करावे, आत मुबलक तेल घालून थोड्या हवेवर काही क्षण फिरवावे, हवेच्या तोंडास लाकडी बूच मारावे आणि कोरड्या जागी फळीवर ठेवावे. नळी गुंडाळून उन्हाबाहेर ठेवावी.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी विहिरीच्या कामास भेट देताना तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात: टाकीची तोटी, तेलाचे भांडे आणि रॉडचा माथा. या पाहणीस पाच मिनिटेही लागत नाहीत. परंतु तीमुळे हत्याराचे आयुष्य वाढते आणि पावसापूर्वी विहिरीस पाणी लागण्याची शेतकऱ्याची आशा अकारण लांबणीवर पडत नाही.